पालथं पात्र

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“आज भात वाढायला गेले, तर धाकट्यानं भिक्षापात्रच पालथं केलं गं.”

“भिक्खू झालेल्यानं? सख्ख्या आईसमोर?”

“म्हणाला, आमच्या मोर्च्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यांच्या घरचं अन्न नको.”

“पण तुम्ही थोड्याच झाडल्यात, मावशी?”

“मोठा सैन्यात आहे ना. त्यानं झाडल्या का, तेच कळत नाही. विचारलं, तर पाणी दे म्हणाला.”

“मग त्या भाताचं काय केलंत?”

“मोठ्यालाच वाढला.”

“जेवला?”

“घास हातात धरून बसला. म्हणाला, आई, धाकटा मोर्च्यात होता का?”

“मग?”

“‘नव्हता’ म्हणाले. का म्हणाले, माझं मलाच कळेना. पण मग जेवला गं तो.”