चरबी बोलते हो!

...आणि लोक वर तोंड करून म्हणतात, "लोव्हेल, जरा कमी खा की!" अहो, कमीच खातोय ना! तुम्हाला सांगतो, ब्रोकोली खाऊन खाऊन जीभ विटली, विजारी ढगळ झाल्या, वजन उतरलं... आणि भूक? ती डोक्यावर चढून बसली! आणि हा खटाटोप कुणासाठी? माझ्या थोरल्या बहिणीसाठी, मार्लिससाठी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, माझी जुळली, पण रुग्णालयवाले म्हणाले, आधी वजन उतरवा. बहिणीचा जीव आहे हो! पण हे मेंदूला कोण सांगणार?

त्यात आमचं अमेरिकेतलं मिनेसोटा, भिडस्त माणसांचं! चर्चच्या तळघरातलं रविवारचं जेवण, आणि ट्रेमधला शेवटचा तुकडा अख्खा म्हणून कुणी उचलायचा नाही. अर्धा कापून घ्यायचा, अर्धा ठेवायचा. मी काय केलं, सगळ्यांच्या मागून गेलो. दर ट्रेमध्ये एकेक तुकडा उरलेला, प्रत्येकातला अर्धा घेतला. अर्धा म्हणजे काय खाणं झालं? मार्लिस बघत होती, डायलिसिसनं पांढरीफटक पडलेली. हळूच म्हणाली, "अरे, एवढे अर्धे मिळून किती होतात रे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेलो डॉक्टरबाईंकडे. म्हटलं, माझा मनावर ताबाच नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मनाला कशाला दोष देता? तुमची चरबी बोलते." चरबी! बोलते! म्हणे ती रक्तातून मेंदूला निरोप धाडते, लेप्टिन त्याचं नाव, की कोठार भरलंय, काळजी नको. चरबी घटली की निरोप घटतो, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला! तिकडे रिकामं पोट घ्रेलिन नावाचा भुकेचा निरोप सोडून बोंब ठोकतं, वाढा, वाढा! म्हटलं, मग जाडा होतो तेव्हा ढीगभर निरोप जात असतील, तरी खातच होतो की? तर म्हणे, सारखं तेच ऐकून मेंदू दाद देईनासा होतो. म्हणजे नवरा-बायकोसारखंच, घरोघरी मातीच्या चुली!

पण तुम्हाला सांगतो, मी थक्क झालो. ज्या पोटाला आरशात बघून शिव्या घातल्या, ते मला उपाशी मरू द्यायला तयार नाही! गल्लोगल्ली दुकानं भरलेली, आणि आत कुणीतरी भाबडं माझ्यासाठी दुष्काळाशी झुंजतंय... डोळ्यांत पाणी आलं हो. पण दुष्काळ नाही, बहीण आहे, हे मेंदूला कोण सांगणार?

कसंबसं वजन उतरलं. किडनी दिली. मार्लिसच्या गालांवर रंग आला, देवाची कृपा. मग डॉक्टरबाईंना विचारलं, आता तरी ही भूक जाईल ना? म्हणाल्या, "राहील काही वर्षं." म्हणजे बघा... एवढं पोट फाडलं, किडनी काढून नेली, आणि भूक तेवढी जागच्या जागी ठेवून टाके घातले!