कप हलला की कागद

आदरणीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि पहिल्या रांगेत बसून, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मॅडमना खुणेनं 'आटपा' म्हणणारे त्यांचे यजमान,

मी थोडक्यातच बोलेन. गोष्ट एका उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची आहे.

सापेक्षतावाद 'अ' तुकडीला मी शिकवायचो, 'ब' तुकडीला मॅडम. पेपर एकच, आणि तो मी काढलेला. 'दिलेल्या घटनेचं अमुक वेगानं रूपांतर करा.' 'ब' तुकडीच्या अठ्ठावन्न जणांनी, मला जिथं वजा हवं होतं तिथं, अधिक लिहिलं. मी अठ्ठावन्न फुल्या मारल्या. एकवीसजण नापास. निकाल पाच वाजता जायचा होता.

चार वाजता मॅडम आल्या. माझा चहाचा कप त्यांनी आलेखाच्या कागदावर, तिसऱ्या रेघेवर ठेवला. दोन घरं पुढं सरकवला.

"कितीवर?"

"पाच."

कप परत तीनवर. मग तो तसाच उचलून धरला आणि खालून कागद दोन घरं पुढं ओढला.

"आता?"

"एक."

"तुम्ही निरीक्षकाचे अक्ष, म्हणजे कागद हलवता, म्हणून वजा; मी घटना, म्हणजे कपच हलवते, म्हणून अधिक. दोन्ही बरोबर. काय हलवायचं, हे प्रश्नात कुठं लिहिलंय?"

"मॅडम, अक्षच हलतात, हे गृहीत आहे."

"कुणी धरलंय?"

"मी."

"मग पेपरही एकट्यानंच सोडवायचा होतात."

हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं. चूक लेखी कबूल करायची, तीही सेवेच्या दुसऱ्याच वर्षी? मॅडमनी एक कोरा कागद ओढून घेतला आणि 'आमच्या प्रश्नात त्रुटी होती' असं स्वतःच लिहिलं.

"आमच्या?" मी विचारलं.

"पेपरवर सही माझीही आहे. न वाचता केली. उठा, परीक्षा विभागात चला."

त्या एकवीसांपैकी एकोणीस पास झाले. उरलेल्या दोघांनी बाकीच्या प्रश्नांत काहीच हलवलं नव्हतं.

यानंतर आम्ही चोवीस वर्षं एकाच टेबलावर भांडलो. माझे अक्ष हलतच राहिले, त्यांच्या घटनाही. सोमवारपासून त्यांची तुकडी माझ्याकडे येतेय. त्या मुलांची वर्षाच्या मध्यात सवय मोडणार नाही. मॅडम, या वर्षी घटना हलेल. अधिक चिन्हाचा सराव मी रविवारी घरी करून ठेवतो.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर सांभाळून घ्या.