आत्याबाई रागवेनात

माझी सासू खाष्ट आहे म्हणून तुम्ही माझी कीव करता ना? मंग हे ऐका. माझ्या लग्नाला दोन महिने झाले अन् सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, रक्तदाब वाढला. जालन्याच्या डॉक्टरांनी सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. दाब उतरला, पण आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसू लागल्या. एकदा हळूच म्हणाल्या, "पोरी, आता जगून तरी काय करायचं?" आमच्या परतूर गावभर बोभाटा झाला, नव्या सुनेनं सासूला छळलं.

पुढच्या तपासणीला आत्याबाई अन् मामंजींबरोबर मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "दाब बराबर आहे. काही तक्रार?"

मीच पदर सावरून बोलले, "वीस दिवस झाले, आत्याबाई मला रागावल्या न्हाईत."

"ही काय तक्रार झाली, सूनबाई?" मामंजी म्हणाले.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "या गोळीनं काहींचं मन खचतं. आम्हालाही हे अलीकडंच कळायला लागलंय." त्यांनी गोळी बदलली.

तीन आठवड्यांनी आत्याबाईंनी ताटातली भाकर उचलून पाहिली. "ही भाकर हाय का गोवरी? आईनं हेच शिकवलं का गं?"

मामंजींनी उपरण्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मी भाकर मुद्दाम जाड थापली.