घरचं तेल

शहरातल्या पर्वत पाटियाच्या थांब्यावर साक्षी बसची वाट पाहत होती; मागे उभ्या दोन भावांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. धाकटा घरच्या घाण्याचं तेल विकून, रिकामे डबे घेऊन गावी परत निघाला होता.

“दादा, आपलं तेल बिनरसायनाचं म्हणून लिंबायतच्या वस्तीतले लोक अजून मागतात.”

“मग मी लूमवरचं कापड विणायचं काम सोडतो. गावी येऊन घाण्यावर बसतो.”

“नको, दादा.”

“का रे? वाटा मागेन म्हणून घाबरलास?”

“वाटा घे. पण भुईमुगाची शेंग निघाल्यापासून सगळं तेल विकेपर्यंत सहा महिने जातात. तोवर घर तुझ्या पगारावर चालतं.”

“आणि पगार थांबला तर?”

“शेंग निघताच व्यापाऱ्याला द्यावी लागेल. आपली बिनरसायनाची असली तरी तो सगळ्यांच्या शेंगेला एकच भाव देतो.”

मोठ्याने एक रिकामा डबा उचलून पाहिला.

“बरं, नाही येत. पण पुढल्या खेपेला एक डबा मला ठेव. घरचा घाणा असून मी इथे दुकानातलंच तेल खातोय.”