दांडीची उंची

बाबा: अगं, नकाशातली ही अक्षरं दारापेक्षा मोठी झालीत की.

लेक: शीटवरच्या ह्या चौकटीला अजून स्केल दिलं नाहीये, बाबा. एकास दहा करते. हं, बघा, बसली गुमान.

बाबा: आता लॉक कर ती. नाहीतर माउसचं चाक फिरवशील आणि स्केलची वाट लावशील.

लेक: केली. तुम्ही तर शाईच्या पेनावर नोकरी काढलीत. हे कुठे शिकलात?

बाबा: शेवटी शेवटी ऑफिसातल्या पोरांच्या मागे उभा राहून चुका काढत होतो ना.

लेक: बरं. एका शीटवर तीन डिटेल. दार, उंबरा आणि कमोडशेजारची धरायची दांडी. नावाच्या पट्टीत 'आईचं बाथरूम' लिहू?

बाबा: लिही. सकाळी मिस्त्री येतोय, त्याला कळलं म्हणजे झालं.

लेक: उंबरा काढून टाकलाय. फरशी सपाट, आत थोडा उतार.

बाबा: काढायची काय गरज होती? एवढासा तर आहे. उचलेल की पाय.

लेक: बाबा.

बाबा: असू दे, पुढे चल. ही दांडी सातशे मिलिमीटरवर का? नऊशे हवी. स्वयंपाकाचा ओटा मी तिला उभं करून, तिच्या कमरेला मापून केला होता.

लेक: ते उभ्या माणसाचं माप झालं.

बाबा: मग? ती काय उभी राहणार नाही?

लेक: काल डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही माझ्या शेजारीच होतात. मानसुद्धा डोलावलीत.

बाबा: त्यांना बोलायला काय जातंय. माझ्या मित्राला असाच अर्धांगाचा झटका आला होता. आता काठीशिवाय फिरतो.

लेक: फिरू देत. आई चाकाच्या खुर्चीतून कमोडवर सरकणार आहे, एका हातावर. दांडी उंच असली तर हात पोचेल, पण जोर लागणार नाही. पडेल ती.

बाबा: मी आहे ना धरायला.

लेक: मोजे घालताना तुम्ही स्वतः भिंत धरता.

बाबा: हे बघ, चित्र तुझं तसंच ठेव. फक्त त्या मापावर क्लिक करून नऊशे टाइप कर. मिस्त्री काय चित्र मोजतोय? तो आकडाच वाचतो.

लेक: हे तुम्ही सांगताय? माप चित्रातूनच आलं पाहिजे, वरून आकडा लिहायचा नाही, हे कोणी शिकवलं मला? ऑफिसातल्या एका पोराने तसं केलं, तर तुम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतंत. आई चिडवायची, अहो, एका आकड्यावरून कोणी असा अबोला धरतं का?

बाबा: तो जिना होता. वर पोचायला पायरीच कमी पडली.

लेक: आणि ही आई आहे.

(बाबा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहतात.)

बाबा: शीटवर सातशे गेलं की ते झालंच गं. ती घरी आल्यावर पहिलं तेच बघेल. तिला वाटेल, ह्यांनी माझी आशा सोडली.

लेक: तिला सगळं माहीत आहे, बाबा. परवा मला हळूच विचारलं, बाथरूमच्या दारातून खुर्ची जाईल ना गं? वर म्हणाली, ह्यांना बोलू नकोस, जिवाला लावून घेतील.

बाबा: असं म्हणाली?

लेक: हो.

बाबा: मला तर म्हणाली, थोडे दिवस जाऊ द्या, ओट्यापाशी उभी राहते की नाही बघा.

लेक: तुमच्यासाठी म्हणाली.

बाबा: म्हणजे माझीच समजूत काढत होती. तिथे दवाखान्यात पडल्या पडल्या.

लेक: रडू नका ना. मग मलाही स्क्रीन दिसत नाही.

बाबा: नाही रडत. दाराची रुंदी किती धरलीस?

लेक: नऊशे.

बाबा: नुसत्या चाकांना, की खुर्ची ढकलताना बाहेर येणाऱ्या कोपरांनाही? घासतील नाहीतर चौकटीला.

लेक: कोपरं धरूनच.

बाबा: मग ठीक आहे. दांडी सातशेवरच राहू दे.

लेक: प्रिंट देऊ?

बाबा: थांब. शीटवर अजून एक चौकट बसते का बघ.

लेक: बसेल. कशाची?

बाबा: ओट्याची. एक तुकडा खाली घेऊ, खुर्चीत बसून हात पोचेल असा. माझ्या हातचा चहा तिला आवडत नाही.