शिंगांचा डबा

...आणि वर मलाच विचारतात, "मावशी, तुम्ही कशाला हात नाही ना लावला?" मी! हात! अहो, ह्या सभागृहातलं एक बटण दाखवा मला, ज्याला माझा हात लागलेला नाही! तुम्हाला सांगते, एकतीस वर्षं शेवटच्या रांगेमागच्या त्या खुर्चीत बसून मी इथला आवाज सांभाळतेय. शिकवलं कोणी? कोण्णी नाही! नवरा स्पीकर भाड्याने द्यायचा, स्पीकर बिघडला की तो कपाळाला हात लावून बसायचा आणि मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. दोनदा शॉक खाल्ला, तिसऱ्यांदा शॉकच मला घाबरला. आज माइकची घरघर ऐकून सांगते, पिन सुटलीय की गाणाऱ्याला सर्दी झालीय!

तर मॅनेजरने काय करावं? वायरलेस आणलं. म्हणे, "मावशी, वायरी पायात येतात, बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! अहो, वायर पायात येत असेल, शिव्या खात असेल, पण कुठून निघाली आणि कुठे पोचली हे बोट ठेवून दाखवता येतं. हे काय? गिटारच्या पट्ट्याला एक डबी अडकवायची, तिकडे विंगेत दोन शिंगं, म्हणे अँटेना, असलेला एक डबा ठेवायचा, डबीवर जो आकडा तोच डब्यावर लावायचा आणि मध्ये... मध्ये काही नाही! नुसती हवा! आता हवेत कोण काय घुसवेल, कोणी बघितलंय?

आणि डब्याबरोबर एक मुलगाही आला. त्याने ह्यातला डिप्लोमा केलाय. दर वाक्यात सांगतो, म्हणून मी त्याला डिप्लोमाच म्हणते. "मॅडम, एका आकड्यावर एकच हं. मॅडम, शिंगं उघड्यावर हवीत." मी म्हटलं, बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी माइकच्या पिना जोडतेय. तो हसला. असा हसला ना... तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण आदल्याच दिवशी मॅनेजर मला म्हणाला होता, "उद्याच्या कार्यक्रमात एक जरी खरखर आली ना मावशी, तर परवापासून खुर्चीत हा नवा मुलगा बसेल. तुम्ही आराम करा." आराम! म्हणजे लक्षात आलं का तुमच्या? खरखर आली तर फायदा कुणाचा? आणि ती आणायची विद्या कुणाकडे? मी तेव्हाच मनाशी म्हटलं, आता काही झालं तर हे काम आतल्या माणसाचं!

त्यात कार्यक्रम कुणाचा? माझ्या नातीचा! तिच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम, त्यात ही एकटी गिटार वाजवणार. म्हणजे एका खरखरीत आजीची खुर्चीही जाणार आणि नातीची अब्रूही.

दुपारी तालीम सुरू झाली. मी माझ्या खुर्चीत. नातीने तार छेडली... आहाहा, लोण्यासारखा आवाज! म्हटलं, जवळ जाऊन तो डबा तरी बघावा, कुठे काय लपवलंय. निघाले. निम्म्या वाटेवर... खर्र! डब्याजवळ पोचले तर... खुळखुळ, खुळखुळ, छन्न! गिटार गायब, आणि स्पीकरमधून ह्या अशा भांडी घासल्यासारख्या आवाजांची वरात!

डिप्लोमा धावला. बॅटऱ्या बदलल्या. शिंगं वर केली. शिंगं आडवी केली. लोखंडी कपाटामागून डबा पुढे आणला. सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. तोवर मी परत खुर्चीत येऊन बसले होते, आणि काय सांगू, आवाज पुन्हा लोण्यासारखा! तो म्हणतो, "मॅडम, झालं! कपाटच होतं!" मी म्हटलं, बघू तरी कसं झालं, आणि गेले पुढे... खर्र! खुळखुळ! छन्न!

चार वेळा, तुम्हाला सांगते, चार वेळा! मी मागे गेले की डबा साळसूद. मी जवळ आले की थयथयाट! आता ह्याचा अर्थ काय? लहान मूलही सांगेल... माझ्यावर पाळत ठेवून कोणीतरी मुद्दाम करतंय! मी तोंडातून ब्र काढला नाही. चोर सावध होतो ना! नुसती प्रत्येकाच्या हातांकडे बघत राहिले. मॅनेजरचे हात खिशात. खिशात का? डिप्लोमाचे डब्यावर. डब्यावर का? पडदा ओढणाऱ्याचे पाठीमागे. पाठीमागे का, मी विचारते! हे काम आतल्या माणसाचं आहे, नुसतं पकडायचं बाकी होतं. मी माझी पर्स काखेत घट्ट धरली. अशा वातावरणात माणसाने आपल्या वस्तू जपाव्यात.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. मॅनेजर पहिल्या रांगेत. नात एकटी स्टेजवर, काळी गिटार, आणि वाजवतेय काय सुंदर! मी मागे, बोटं बटणांवर, खरखर नाही की काही नाही. देवाशप्पथ सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातून मला दिसलं... विंगेत डिप्लोमा डब्यावर वाकतोय!

सापडला! मी उठले. भिंतीकडेने, झपाझप, पर्स काखेत, थेट विंगेत डब्याला खेटून उभी राहिले. खर्र! गिटार गप्प. नातीची बोटं चालतायत, आवाज शून्य. माझा तोल सुटला. दात-ओठ खात मी आपली हळूच पुटपुटले, "मेल्या, बघतेच तुझ्याकडे! आणि तो मॅनेजर, त्याला धड खुर्च्या मोजता येत नाहीत, तो निघालाय माझी खुर्ची काढायला!"

आणि अख्ख्या सभागृहात, चारही स्पीकरमधून, कोणीतरी बाई गरजली, "...निघालाय माझी खुर्ची काढायला!"

मी चपापले. ही कोण आणि? काय तो आवाज, फुटक्या पत्र्यासारखा! थेट माझ्या थोरल्या जाऊबाईंची आठवण झाली. मी म्हटलं, "अगं बाई, हिला कोणी माइक दिला?" स्पीकर म्हणाले, "अगं बाई, हिला कोणी माइक दिला?"

लोक खुर्च्यांवरून घरंगळले हो हसून! आणि नात... तिने गिटार खाली ठेवली, सरळ विंगेत आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, पर्स उघड."

"का म्हणून?"

"उघड म्हणते ना!"

उघडली. वर किल्ल्या, खाली गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेला सुटा माइक. हिरवा दिवा लावून टक्क जागा! आकडा? गिटारचाच! आणि एका आकड्यावर दोन असले की डब्याला जो जवळ, त्याचंच तो ऐकणार!

आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. डब्याबरोबर आलेला जादा माइक कोणी पळवू नये म्हणून मीच पर्समध्ये ठेवला होता. गिटारची डबी ऐनवेळी रुसली तर हाताशी तयार असावा म्हणून आकडाही मीच लावला होता. शहाणपणच केलं ना? बंद का नाही केला म्हणता? अहो, एकतीस वर्षं माझ्या माइकला बटणच नव्हतं! वायर उपटली की मेला. ज्याला वायरच नाही तो मेला की जिवंत आहे, हे मी ओळखायचं कसं?

नातीने गिटार पहिल्यापासून वाजवली. टाळ्या थांबेनात. बऱ्याचशा तिलाच होत्या.

मॅनेजर संतापाने जांभळा. म्हणाला, "उद्यापासून मावशी घरी!" तेव्हा डिप्लोमा, तोच हो, मध्ये पडला. म्हणाला, "नको साहेब. त्या मागच्या खुर्चीत असल्या की सगळं सुरळीत चालतं, मी चार वेळा बघितलंय. त्यांना तिथेच राहू द्या, डब्यापासून सत्तर फुटांवर."

तर खुर्ची राहिली. मानाने म्हणा, नाहीतर अंतराने म्हणा. आता दर कार्यक्रमाआधी दारात पर्स तपासतात. सगळ्यांची नव्हे, एकट्या माझी. तपासा बापडे. पण एक मात्र मान्य करा, मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते? हे काम आतल्या माणसाचं आहे!