नालवाडी चौकातला बोर्ड

नाव: जागृती बापूराव ताकसांडे, वय ३२ वर्षे, व्यवसाय: शिक्षिका (गणित), राहणार नाचणगाव, तालुका देवळी, जिल्हा वर्धा. माहेर समुद्रपूर.

मी समुद्रपूर पोलीस स्टेशनला स्वतः येऊन सांगते की, मयत बापूराव ताकसांडे, निवृत्त एसटी चालक, हे माझे वडील होत. मागील शुक्रवारी जाम चौरस्त्याजवळ त्यांचा अपघाती मृत्यू झाला. आपल्या कागदात "मयताने मोटारसायकल निष्काळजीपणे व भरधाव चालवून उभ्या ट्रॉलीस मागून धडक दिली" असे लिहिले आहे. ते वाक्य मला मान्य नाही. बाबांनी एकतीस वर्षे एसटी चालवली, एकही अपघात केला नाही, त्याबद्दल महामंडळाने त्यांना बिल्ला दिला होता. तो माणूस त्या दिवशी तसा का निघाला, हे कागदावर यावे म्हणून हा जबाब देत आहे.

माझा लहान भाऊ रुपेश याचा एक बँड आहे. होता, असे ते स्वतःच जाहीर करून बसले आहेत. बँडचे नाव "कोरडवाहू". त्यात विवेक भोयर गातो, रुपेश गिटार वाजवतो आणि मयुरी नावाची मुलगी कीबोर्ड वाजवते. कोरडवाहू हे नाव विवेकने ठेवले. विवेकच्या वडिलांची शेती ओलिताची आहे, दोन विहिरी आहेत, ठिबक आहे. विवेक त्या शेतात फोटो काढण्यापुरता जातो.

हे लोक कोणते संगीत वाजवतात असे साहेबांनी विचारले. त्याला इंडी पॉप म्हणतात. जे लग्नात वाजत नाही, वरातीत वाजत नाही, विहारात वाजत नाही आणि वाजवणाऱ्यांशिवाय कोणाला पाठ नसते, ते इंडी पॉप, अशी माझी समजूत आहे. गाणी बहुतेक खिडकीवर आणि चहाच्या कपावर असतात.

बँड कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये निघाला. नंतर एक गाणे मोबाईलवर थोडे चालले, तेवढ्यावर तिघे पुण्याला गेले. तिथे दिवे मंद करून, लोकांना गाद्यांवर बसवून कार्यक्रम करायचे. कोणीतरी त्यांची मुलाखत घेऊन "वऱ्हाडच्या मातीचा आवाज" असे छापून आणले. त्या मुलाखतीत विवेक पुण्याची मराठी बोलला आणि रुपेश इंग्रजीत बोलला. माती कोणती ते मला कळले नाही. पुण्यात नवीन बँड आल्यावर ह्यांना कोणी बोलावेना, तेव्हा मागच्या वर्षी तिघे परत आले. परत येणे म्हणजे मुळांकडे वळणे, असे विवेकने लिहिले होते. मुळे म्हणजे वर्ध्याच्या नालवाडीतली भाड्याची खोली.

बाबांना मात्र त्या बँडचे वेड होते. वर्धा जिल्ह्यातला एकही कार्यक्रम त्यांनी सोडला नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायचे. पहिली रांग नेहमी रिकामीच असे. मी एकदा म्हटले की, बाबा, त्या गाण्यात काय आहे? तर म्हणाले, "मले काई समजत नाई वो. पण पोरगं किती मन लावून वाजवून राह्यलं, ते पाह्यतो मी." त्यांनी आपल्या मोबाईलला त्यांच्याच गाण्याची कॉलर ट्यून लावली होती. बाबांना फोन केला की विवेक आधी रडायचा, मग बाबा उचलायचे.

आता बोर्डाबद्दल सांगते. बँड बंद करायचा आणि वर्ध्यात शेवटचा कार्यक्रम करायचा असे तिघांनी ठरवले. जाहिरात वेगळी हवी म्हणून विवेकने श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून घेतला. वर "भावपूर्ण श्रद्धांजली", मध्ये तिघांचे हार घातलेले फोटो, खाली "अंत्यविधी शनिवारी सायंकाळी सहा वाजता". त्याखाली बारीक अक्षरात हॉलचे नाव आणि बँडचे नाव. अगदी तळाशी "शोकाकुल: समस्त श्रोते". हा बोर्ड गुरुवारी संध्याकाळी नालवाडी चौकात लागला. त्याच वेळी तिघांनी तीन दिवसांचे मौन घेतले आणि फोन बंद करून विवेकच्या शेतातल्या घरी जाऊन राहिले. मौन हासुद्धा जाहिरातीचा भाग होता.

आमच्या भागात असा बोर्ड लागल्यावर माणूस खरेच गेला का, हे कोणी विचारत नाही. माती किती वाजता, एवढेच विचारतात. एका बोर्डावर तीन तरुण फोटो असले, तर तिघे एकाच गाडीवर होते, असेच लोक समजतात. शुक्रवारी सकाळी माझे चुलत काका बाबाराव यांनी तो बोर्ड पाहिला. त्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी बाबांना फोन केला, "बापू, मन घट्ट कर. चौकात बोर्ड लागला हाय. आपल्या रुपेशचा फोटो हाय. तिघंही गेले, गाडीवर होते वाटते." बाबाराव काकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

बाबांनी रुपेशला फोन लावला, तो बंद होता. विवेकचाही बंद. मग आईला म्हणाले, "कोकिळा, तू घरीच राह्यजो. मी पाहून येतो." आईने विचारले, काय पाहून येता? त्यावर त्यांनी मोटारसायकल काढली आणि वर्ध्याकडे निघाले. माझे वडील भाजी आणायला गेले तरी हेल्मेट घालत. त्या दिवशी हेल्मेट खुंटीलाच राहिले. ते अजून तिथेच आहे, साहेबांना पाहायचे असल्यास पाहावे.

बाबाराव काकांनी नंतर आईलाही फोन केला, तेव्हा तिने रडत मला बोर्डाचे कळवले. मी शाळेतून निघाले आणि पुलगावहून वर्ध्याला आले. थेट नालवाडी चौकात जाऊन बोर्डासमोर उभी राहिले. मी बारीक अक्षरेही वाचली. भाऊ जिवंत आहे हे मला तिथे कळले. आनंद झाला की नाही, हे सांगता येत नाही. लगेच बाबांना फोन लावला. गाणे वाजले. संपले, मी परत लावला, परत गाणे वाजले. नंतर एका अनोळखी माणसाने फोन उचलला आणि विचारले, "ताई, हा फोन ज्याईचा हाय, त्याईचे तुमी कोन?"

बोर्ड खोटा असल्याचे मी कळवल्यावर बाबाराव काका रुपेशला शोधत विवेकच्या शेतावर गेले, तेव्हा तिघे पोहे खात होते. काका रुपेशकडे पाहतच राहिले. तो हसून म्हणाला, "काका, ते प्रमोशन हाय. तुमी बी फसले?" काका म्हणाले, "मी फसलो, बापू गेला." रुपेशला अर्थ कळायला थोडा वेळ लागला, असे काका सांगतात.

शनिवारचा कार्यक्रम झाला. रुपेश नव्हता, विवेक आणि मयुरीने केला. हॉल भरला होता. वर्ध्यात त्यांचा हॉल पहिल्यांदाच भरला. विवेकने एक गाणे "रुपेशच्या बाबांना" अर्पण केले आणि त्याचा व्हिडिओ टाकला. त्याला खूप लोकांनी लाल बदाम दिले. बाबांसाठी घरी वंदना ठेवली, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो आमच्या घरी आला आणि मला म्हणाला, "ताई, आमचा हेतू तसा नव्हता. ते एक कन्सेप्ट होतं." मी त्याला पाणी दिले आणि जायला सांगितले.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी बाबांचा बोर्ड मी छापून घेतला आणि घरासमोर लावला. विवेकचा फ्लेक्स छापणाऱ्या वर्ध्याच्या त्याच दुकानात गेले होते, दुकानदाराला तरी कळावे म्हणून. तो म्हणाला, डिझाईन तयारच आहे, फक्त फोटो बदलतो. मी दुसरे डिझाईन करायला लावले. शोकाकुलमध्ये आईचे आणि माझे नाव टाकले. रुपेश बोर्डासमोर बराच वेळ उभा होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, माह्यं नाव राह्यलं." मी म्हटले, "तू तं बाबाच्या आंधीच गेला न. तुया बोर्ड चौकात लागलाच हाय."

माझी तक्रार विवेक, मयुरी आणि रुपेश या तिघांविरुद्ध आहे. रुपेशचे नाव पहिले लिहावे. आईने नाही म्हटले आहे, तेही लिहावे. नालवाडी चौकातला बोर्ड आजही उभा आहे, तो काढण्यात यावा. जाणारे येणारे त्याला हात जोडतात.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. शेवटी "मयत निष्काळजीपणे" हे शब्द पुन्हा आले होते, ते मी खोडायला लावले आणि त्यानंतर सही केली. सही करताना माझा भाऊ बाहेर बाकावर बसून होता. त्याच्या हातात बाबांचा बिल्ला होता.